उंचीप्रमाणे रांग

“उंचीप्रमाणे उभे राहा!” बाईंनी अंगणात हुकूम सोडला की रांग लागायची. पुढे पाच वर्षांची रेवा, मागे पन्नाशीतला मी. हसू नका. रांगेला निदान दोन माणसं लागतात, आणि बाईंच्या त्या घरच्या शाळेत रेवा एकटीच होती. मग हजेरी. रेवा हजर, मी हजर. शेवटी बाई स्वतःलाच विचारायच्या, “आजी?” आणि स्वतःच ठणकावून सांगायच्या, “हजर!”

बाई आमच्या शेजारी. वलगावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. रेवा त्यांची नात, मोठ्या दुखण्यातून उठलेली. डॉक्टरांनी वर्षभर शाळा नको म्हटलं. तिची आई नोकरीला रोज अकोल्याला जायची. तेव्हा शिकवणं बाईंनी अंगावर घेतलं आणि मिळेल तो अभ्यासक्रम खोक्यांनी घरी आणला. चित्रांचा, गाण्यांचा, मण्यांचा. एक तर थेट परदेशी, त्यात अमरावतीच्या लेकराने बर्फाचा माणूस करायचा होता! तास संपला की देवघरातली घंटा वाजायची.

“बाई, एवढ्याशा लेकराले एवढं?” मी एकदा विचारलं.

“पोरगी मागं पडली तं तुमी भरून देसान काय? रांगेत बोलू नका.”

पण थोड्याच दिवसांत घंटा वाजली की रेवा पलंगाखाली शिरू लागली. पुस्तक दिसलं तरी तोंड फिरवायची. बाई गुडघे धरून खाली वाकायच्या. “ये नं माय बाहेर.” त्या आवाजात मुख्याध्यापिका उरलेली नसायची.

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. रेवाही चाकांचा बैल ओढत निघाली. मागे बाई, त्यांच्या मागे मी. रांग मोडायची सवयच राहिली नव्हती. दर फाटकाशी रेवा थांबायची, पाटीवरचं अक्षर बोटाने गिरवायची आणि ओरडायची, “हा आपल्या डाळीच्या डब्यावरचा ‘ड’!” मिळालेल्या गोळ्या बैलाच्या पाठीवर मांडून मोजायची. एक घरंगळली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या घरापाशी म्हणाली, “आजी, अजून एक घर?”

मी बाईंकडे पाहिलं.

“काहून हासून राहिले? कचरा गेला माह्या डोळ्यात.”

दुसऱ्या दिवशी घंटा देवघरात परतली, खोकी बालवाडीला गेली. उरलं ते इतकंच: सकाळी एक गोष्ट, दुपारी निवडायच्या शेंगा मोजणं आणि संध्याकाळी पाट्या वाचत गल्लीतून फेरी.

“बस झाला एवढा अभ्यासक्रम,” बाई म्हणाल्या. “हजेरी मात्र होईन.”

वर्ष सरल्यावर रेवा शाळेत गेली, उड्या मारत गेली. मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या.

परवा सकाळी अंगणातून आवाज आला, “उंचीप्रमाणे!” मी हातातला चहा तसाच ठेवून धावलो. गणवेशातली रेवा पुढे, मी मागे.

“रेवा? हजर. काका?”

“हजर.”

“आजी?”

तिने आजीच्या दाराकडे पाहिलं.

“आजी रजेवर,” असं म्हणून तिने दप्तर उचललं आणि शाळेकडे पळाली.

मी उभाच राहिलो. रांग सोडा म्हणायला कुणी नव्हतं.