फक्त छापील बातमी

आमच्या शाळेत परिपाठाला बातम्या वाचायचं काम माझ्याकडे होतं. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचं वर्तमानपत्र घ्यायचं, चार-पाच बातम्या निवडायच्या आणि प्रार्थना झाली की माइकवर वाचायच्या. दिल्लीत कोण काय म्हणालं, क्रिकेटमध्ये कोण हरलं. आमच्या गावाचं नाव त्यात कधी नसायचं. दहावीत आल्यापासून मला याचा राग यायला लागला होता. बातमी काय फक्त लांबच्याच लोकांची होते?

मग एका सकाळी मी शेवटी एक बातमी वाचली, स्वतःची. "आपल्या शाळेतल्या मुलींच्या शौचालयाला कुलूप असतं. तपासणीला साहेब आले की ते उघडतं. म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाड्यांवरून चालत येणाऱ्या मुली पाण्याची बाटली भरून आणायच्या आणि तशीच भरलेली परत न्यायच्या. ज्यांना अगदीच राहवायचं नाही त्या शाळेमागे करवंदीच्या जाळीआड जायच्या, एक आत आणि एक राखणीला.

मुख्याध्यापक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ऑफिसात बोलावून त्यांनी शांतपणे समजावलं, की बातमी म्हणजे वर्तमानपत्रात आलेली, मनाला येईल ते माइकवर बोलायचं नसतं. "यापुढे फक्त छापील," ते म्हणाले. कुलपाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

ठीक आहे, म्हटलं, छापून आणू. बाजारात एक झेरॉक्सवाले काका होते, तालुक्यातल्या एका साप्ताहिकाचे वार्ताहर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, मला चहासुद्धा पाजला. मी हवेत तरंगतच घरी आले.

पुढच्या अंकात बातमी आली. मुख्याध्यापकांचा फोटो आणि वर मथळा, 'विद्यालयात मुलींसाठी सुसज्ज शौचालय'. मी तणतणत दुकानात गेले. काका मशीनमध्ये कागद भरत राहिले.

"शाळेची जाहिरात असते गो पंधरा ऑगस्टला. तुझं नाव तरी घातलं नाय, ते बघ."

म्हणजे वर माझ्यावर उपकारच.

सोमवारी परिपाठाला मुख्याध्यापकांनी तो अंक माझ्या हातात दिला. "वाच. छापील आहे."

मी वाचली. मथळ्यापासून, स्पष्ट उच्चारात, त्यांनीच शिकवलं होतं तशी. 'सुसज्ज'पाशी मुलींच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळी रांग हसायला लागली. मला मात्र रडू येत होतं. पण तेही काही छापील नव्हतं, म्हणून गिळलं.

त्यानंतर परिपाठातून बातम्याच काढून टाकल्या. प्रार्थना, सुविचार, चला वर्गात.

आता मी धसईच्या एसटीने मुरबाडला कॉलेजात जाते आणि धाकटी बहीण त्याच शाळेत आहे. परवा तिच्या दप्तरातून पाण्याची बाटली काढली, तर गळ्यापर्यंत भरलेली. कुलूप अजून तसंच का, मी विचारलं. साहेब आले की उघडतात ना, ती म्हणाली, जणू सगळ्याच शाळांत तसं असतं. मग मी विचारलं, परिपाठाला बातम्या परत सुरू झाल्या का?

तिला कळेचना.

"शाळेत कसल्या गो बातम्या?"