होल्गर सत्तर

आमच्या गावात माणूस पन्नाशीचा झाला, साठीचा झाला, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, की गाणं पाहिजे म्हणजे पाहिजे. चाल सगळ्यांना येणारी, शब्द त्या माणसाचे. त्याने ट्रॅक्टर खड्ड्यात घातला असेल, सासूला टरकत असेल, सगळं यमकात येणार, आणि पन्नास पाहुणे छापील कागद हातात धरून ते त्याच्या तोंडावर म्हणणार. गाण्याशिवाय वाढदिवस म्हणजे नुसतं जेवण, आणि जेवायला काय, माणूस घरीही जेवतोच. ही सगळी गाणी बत्तीस वर्षं एकच बाई लिहायची, शाळेच्या ऑफिसातली रिग्मोर. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. जुन्या वहीतली गाणीसुद्धा तिने एका हिवाळ्यात बसून टाइप करून टाकली होती.

होल्गर तिचा नवरा. फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, काठावरच्या डेअरीत एकेचाळीस वर्षं लोणी काढलं, एकही दिवस उशीर नाही, कुणाशी भांडण नाही. माणूस सरळ, पण बोलणं म्हणाल तर विकत आणल्यासारखं. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ या तीन शब्दांवर त्याचा संसार चालला. पन्नाशीला रिग्मोर म्हणाली, जेवण ठेवू या, तर हा म्हणाला, “कशाला उगाच.” साठीलाही तेच. त्यामुळे सगळ्या गावाला गाणं मिळालं, फक्त तिच्या घरातल्या माणसाला मिळालं नाही. सत्तरीला मात्र तिने त्याला विचारलंच नाही, परस्पर हॉल ठरवून टाकला.

आणि फेब्रुवारीत रिग्मोर गेली. बेकरीच्या रांगेत उभी होती, खाली बसली आणि संपलं. होल्गरला फोन आला तेव्हा तो बटाटे सोलत होता. उरलेले दोन त्याने सोलले, पातेल्यात पाणी घातलं, मग कोट चढवला. दफनाच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस नाही. कॉफीचे कप पुरतील ना, एवढंच तो मोजत होता. बायका कुजबुजल्या, “दगड आहे मेला.” ते त्याच्या कानावर गेलं. त्याला राग आला नाही, कारण त्यालाही तसंच वाटत होतं. आत हात घालून पाहावं तर काही लागतच नव्हतं. सकाळी राय धान्याचा काळा पाव, दुपारी सूप, संध्याकाळी बातम्या, असे दोन महिने गेले.

एप्रिलच्या शेवटी मुलीचा फोन आला. दोर्ते शहरात राहते, आईसारखीच हट्टी.

“बाबा, हॉल रद्द करायचा नाही. चाळीस माणसं येणारेत.”

“बघू.”

“बघू नाही. आणि आईने नाताळात मला सांगितलं होतं, बाबांचं गाणं कॉम्प्युटरवर आहे म्हणून. ते मला पाठवा, मी छापून आणते. बाबा? ऐकताय ना?”

“हो.”

फोन ठेवल्यावर होल्गर बराच वेळ तिथेच उभा राहिला. रिग्मोरने आपल्यावर गाणं लिहिलं होतं. दर माणसात तिला काही ना काही सापडायचं. पोस्टमनसारख्या रटाळ माणसात तिने पाच कडवी शोधली होती. आपल्यात तिला काय सापडलं असेल? दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

तिच्या खोलीत तो कॉम्प्युटर तसाच होता, चौदा वर्षांचा, धुळीने माखलेला. बटण दाबलं. आतून टक टक आवाज यायला लागला, कुणी नखाने डबा वाजवावा तसा. पंधरा मिनिटांनी पडदा उजळला. ‘गाणी’ नावाचा फोल्डर उघडला, नावांची लांबलचक यादी आली, खाली खाली जाताना ‘होल्गर सत्तर’ दिसलं. त्याने त्यावर दाबलं आणि सगळं गोठलं. तीनदा पुन्हा सुरू केलं, दर वेळी टक टक, आणि पडदा काळाच राहिला.

मग तो कुंपणापलीकडे एगॉनकडे गेला. एगॉनचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद झालं. तोंडाचा पट्टा तेवढा अजून चालू आहे.

“तू आणि माझ्या दारात?” एगॉन म्हणाला. “काय, घर पेटलं का?”

“कॉम्प्युटर टक टक करतोय.”

“टक टक म्हणजे डिस्क गेली. गेली म्हणजे जातेय. परत चालू केलास का?”

“तीनदा.”

“तीनदा! अरे, मरायला टेकलेल्या माणसाला कुणी जिना चढायला लावतं का?” बोलल्यावर त्याने जीभ चावली. होल्गरच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तेव्हा एगॉनने मुकाट्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

मंगळवारी सकाळी तो शहरातून नवी हार्ड डिस्क घेऊन आला. होल्गरच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला आणि आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली. चार स्क्रू, दोन वायरी, आणि जुनी डिस्क बाहेर. ती आणि नवी, दोन्ही त्याने आपल्या लॅपटॉपला जोडल्या. आधी मात्र दोन्हींवर पांढरी पट्टी चिकटवून एकीवर ‘जुनी’, दुसरीवर ‘नवी’ असं ठळक लिहिलं.

“हे कशाला?” होल्गरने विचारलं.

“एकदा मेहुणीच्या कॉम्प्युटरचं काम करताना उलटं केलं. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली. तिचे नातवंडांचे सगळे फोटो साफ. सहा वर्षं झाली, नाताळचं बोलावणं नाही. तसं बरंच आहे म्हणा, तिचं बदक करपलेलंच असतं. हे बघ, वाचून सांग. कुठून?”

“जुनी.”

“कुठे?”

“नवी.”

“नक्की?”

“नक्की.”

एगॉनने बटण दाबलं. आकडा पुढे सरकायला लागला. डिस्क तापू नये म्हणून शेजारी टेबलफॅन लावला. खराब जागा आली की प्रोग्राम अडायचा, खरवडून बघायचा, नाही जमलं तर सोडून पुढे जायचा. होल्गर खुर्ची घेऊन समोर बसला. डेअरीत तापमानाच्या काट्याकडे बघायचा तसा त्या आकड्याकडे बघत राहिला. एकाहत्तर टक्क्यांवर घोडं अडलं. एक तास, दोन तास, हू की चू नाही.

“गाणं त्या खराब जागेत असलं तर?” त्याने विचारलं.

“तर गेलं,” एगॉन म्हणाला. “खोटं कशाला सांगू?”

“बरं,” होल्गर म्हणाला, आणि उठून त्याने कॉफी केली. गेलं तर गेलं, आपल्याला काहीच वाटणार नाही, हे त्याला दिसत होतं, आणि तेच वाईट होतं.

बुधवारी अकरा वाजता काम संपलं. एगॉनने नवी डिस्क जुनीच्या जागी बसवली, चारही स्क्रू आवळले, वायरी खोचल्या. कॉम्प्युटर मिनिटभरात सुरू झाला, आवाज न करता. ‘गाणी’ फोल्डर जागेवर होता, चारशे बारा नावं. काम जमलं म्हणून एगॉन एवढा खूश, की त्याने आधी ‘एगॉन साठ’ उघडलं.

वरती रिग्मोरने प्रश्न लिहून ठेवले होते. ज्याचं गाणं, त्याच्या घरच्यांना फोन करून ती हे विचारायची आणि उत्तरं टिपून घ्यायची. कशावर चिडतो? ‘सुटे पैसे नसले की.’ कशावर हसतो? ‘स्वतःच्याच विनोदांवर.’ त्याच्याबद्दल कुणालाच माहीत नाही असं काय? ‘नाताळच्या झाडाला घाबरतो, लहानपणी अंगावर पडलं होतं.’ खाली सात कडवी.

“बायकोने सांगितलं होय हे! चहाडखोर!” एगॉन हसला. “चल, आता तुझं.”

‘होल्गर सत्तर’ उघडलं. तेच प्रश्न. ही उत्तरं मात्र तिने कुणाला विचारून लिहिली नव्हती, स्वतःच लिहिली होती. काय खातो? ‘काहीही. तक्रार नाही.’ कशावर चिडतो? ‘चिडत नाही.’ कशावर हसतो? नुसतं प्रश्नचिन्ह. आणि शेवटच्या प्रश्नाखाली, त्याच्याबद्दल कुणालाच माहीत नाही असं काय, तिथे लिहिलं होतं : ‘मलाही माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली. विचारायला हवं. पण आता एवढ्या वर्षांनी कसं विचारायचं? माझी गाणी त्याला आवडत नाहीत बहुतेक. म्हणताना कधी दिसला नाही.’

खाली गाण्याची पहिली ओळ नऊ वेळा सुरू करून सोडून दिलेली. त्यापुढे काही नाही.

डिस्कने काही गिळलं नव्हतं. गाणं लिहिलंच गेलं नव्हतं.

“लोण्याच्या यंत्रापाशी,” होल्गर म्हणाला.

“काय?”

“फार आवाज असायचा तिथे. शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नसे. तिथे मी तिची गाणी म्हणायचो. ती रात्री लिहून कागद टेबलावर ठेवायची, मी पहाटे निघताना वाचायचो.”

“कुठली गाणी?”

“सगळी.”

“सगळी कशी? पाच वर्षं झाली तुला रिटायर होऊन.”

“नंतर गवत कापायच्या मशीनमागे.”

“तरीच आठवड्यातून तीनदा गवत कापतोस! अरे मग गाढवा, चारशे गाणी पाठ आहेत तुला, आणि तिला एका शब्दाने सांगितलं नाहीस?”

“तिने विचारलं नाही,” होल्गर म्हणाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग तो म्हणाला, “मीही सांगितलं नाही. मला वाटलं, तिला माहीत असेल.”

“म्हण एखादं,” एगॉन हळूच म्हणाला.

होल्गरने तोंड उघडलं. खोली इतकी शांत होती की घसा हलेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मान हलवली आणि टेबलाकडे बघत राहिला.

एगॉन उठला. पॅसेजमधल्या कपाटातून त्याने जुना व्हॅक्यूम क्लीनर ओढत आणला, खोलीच्या मधोमध ठेवला, प्लग लावला आणि बटण पुरतं फिरवलं. घर दणाणून गेलं. मग तो बाहेर गेला आणि मागून दार ओढून घेतलं.

होल्गरने सगळ्यात पहिलं गाणं धरलं, पोस्टमनच्या पन्नाशीचं. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. तो थांबला नाही. फेब्रुवारीपासून अडलेलं सगळं डोळ्यांतून वाहत होतं, आणि शब्द एकही चुकत नव्हता.