एका रोडग्याचं जगरं

पिपरी मेघेहून पहिल्या एसटीने निघालो, ते लेकीशी पैज लावूनच. बायको गेल्यापासून तिचा एकच धोशा, "बाबा, पुण्याले या. एकट्यानं नाई निभत." शेवटी मी म्हटलं, तळेगावकडच्या रानातल्या धबधब्यापर्यंत एकटा जाऊन येतो. धडधाकट परतलो तर विषय बंद. सदुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, हट्ट मात्र तरणाबांड असतो.

तळेगावहून ऑटोने शेवटच्या गावापर्यंत आलो. तिथून नदीकाठची पायवाट. आधी तुरीची शेतं, मग सागाचं रान. दिवाळी उलटलेली, नदी ओलांडताना पाणी घोट्याएवढं. तरी शेवाळावरून घसरलोच. लागलं नाही, पण उजव्या बुटाचा तळ सुटला. तो दुपट्ट्याने (उपरण्याने) बांधला आणि फटक फटक करत पुढे निघालो.

अकराच्या सुमारास धबधबा दिसला. दोन पुरुष उंचीवरून तीन-चार धारा पडत होत्या, खाली हिरवट डोह. मला फार आनंद झाला. "पाह्य वं!" असं सवयीने बायकोला मोठ्याने म्हणून मी मागे वळलो. मागे कोणीच नव्हतं.

आमच्याकडे रानात गेलं की रोडगे हवेतच. (कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, त्या निखाऱ्यांना म्हणतात जगरं.) पिशवीत एकाच रोडग्याची कणीक आणि चार गोवऱ्या आणल्या होत्या. वाळूवर जगरं पेटवलं. शेळ्या चारणारी एक गोंड बाई थांबली.

"बाकीचे मांगं राह्यले का जी?"

"नाई. एकलाच आहो."

"मंग जगरं काऊन लावलं?"

मी रोडगा उकरून काढला. तोवर गोवऱ्या भडकून विझल्या होत्या. रोडगा बाहेरून कोळसा, आत कच्ची कणीक. बाईने तो काडीने उलटून पाहिला.

"येवढ्याशा धगीत नाई शिजत जी. वीस-पंचवीस रोडग्यायचं जगरं पायजे. खानारे लोक पायजे." तिने आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर आणि चटणी माझ्या हातावर ठेवली. बसा म्हटलं, तर हसली. "बकऱ्या तुरीत शिरतीन. जातो मी."

भाकर खाताना मला रडू आलं. चटणी तिखट होती, पण तेवढीही नव्हती.

परतीची वाट सोपी गेली. दुपारी चारला तळेगावच्या स्टँडवर होतो. पाय अजून कुठेही नेतील, हे कळलं. पाहिलेलं घरी जाऊन कोणाला सांगायचं, हे काही कळेना. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, पाय कसे हायेत?"

"ठणठणीत. पैज जिंकलो."

ती हिरमुसून म्हणाली, "बरं. विषय बंद."

"बंद नको करू," मी म्हटलं. "मले कोनती खोली देशील, ते सांग."