गेनूआबांच्या बरगडीवरची गाठ

गेनूआबांच्या गमती मी आयुष्यभर सांगत आलो. ही एक गोष्ट मात्र टाळली.

आबा भाजे गावचे, लोणावळ्यात तांदळाच्या वखारीत हमाल. लढाईच्या दिवसांत मी तिथल्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. खोकला आणि छातीचं दुखणं घेऊन ते आले, आणि मी तपासण्याआधी त्यांनीच माझं मनगट धरलं. "डाक्टर, नाडी लय उडतीया तुमची. भिऊ नका, मी काय चावत न्हाई."

पुण्याहून काढून आणलेल्या फोटोत फुप्फुसावर डाग होता. नेमकं काय ते कळावं म्हणून मी बरगड्यांमधून लांब सुई घालून आतला कण काढला. आबा म्हणाले, "पोत्यात नळी खुपसून तांदूळ बघत्यात, तसंच व्हय? बघा, पर माल परत करू नका."

कर्करोग निघाला. इलाज आमच्याकडे नव्हता.

दोन-तीन महिन्यांनी सुईच्याच जागी कातडीखाली गाठ आली. शेजारी काळा डाग. आबांच्या बायकोने, ठकूमावशींनी, दुखतं म्हणून बिब्बा तापवून लावला होता. गावात कुणाचं काही दुखलं की बिब्बा त्यांच्याच हातचा. मी फटकन बोललो, "मावशी, त्या बिब्ब्यानंच ही गाठ आली."

"तिला बोलू नका. मीच मागितला," आबा म्हणाले.

पुढे पुण्याच्या माझ्या गुरूंना विचारलं. ते म्हणाले, "क्वचित होतं असं. सुई बाहेर येताना रोगाचे कण वाटेत राहतात. तुझी चूक नाही. बिब्ब्याचीही नाही."

हे मी भाज्यात सांगितलं नाही. लोक सुईला घाबरतील, दवाखान्यात येणार नाहीत, असं स्वतःला पटवलं. खरं तर मला माझं नाव जपायचं होतं.

आबा गेले ते फुप्फुसातल्या रोगाने. शेवटच्या आठवड्यातही बायकोला चिडवत होते, "रडू नको, ठके. बिब्ब्यानं माणसं मरती, तर निम्मा गाव तू कवाच संपवला असतास."

तेराव्यानंतर सगळं कबूल करायचं ठरवून मी भाज्याला गेलो. अंगणात शेजारीण सुजलेला घोटा घेऊन बसली होती. "लाव की गं बिब्बा."

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "ह्या हातानं माझा माणूस गेला."

मला पाहून त्या उठल्या. घोंगडी अंथरली आणि हात जोडले. "डाक्टर, तुमी येवढं केलंत अन् म्या इस्कटलं. माफ करा मला."

ती गाठ माझ्या सुईची होती, एवढंच सांगायचं होतं. त्या वाट बघत उभ्या होत्या.

"केलंत न्हवं माफ?"

"केलं, मावशी," मी म्हणालो.