दमट हवेचा आवाज

महाडच्या कोर्टात मी कारकून आहे. पोलादपूरहून रोज गाडीनं जाते, गाडीनंच येते. गाडी चालवते मी, पण गाडीतलं कळतं मात्र नवऱ्याला. तशी आमच्या घरात वाटणीच झालेली आहे. ते हायस्कुलात विज्ञान शिकवतात, त्यामुळे घर्षणाबद्दल कुणी बाहेरच्यानं त्यांना काही सांगावं अशी सोयच नाही.

पावसाळ्यात गाडी अंगणातून बाहेर काढताना ब्रेक दाबला की 'खर्र' व्हायचं. दोन-चारदा ब्रेक लागला की आवाज थांबायचा. मी विचारलं.

"दमट हवा," ते म्हणाले. "रात्रभरात ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. घासला की जातो. काळजी करू नकोस."

हे बरोबर होतं, हे कबूल करायला हवं. हीच तर पंचाईत झाली. माणूस एकदा बरोबर ठरला की तेच उत्तर वर्षभर पुरवतो.

दिवाळीनंतर आवाज बदलला. आता तो बारीक, शिट्टीसारखा, आणि सकाळपुरता नाही. महाडच्या अलीकडं उन्हात थांबले तरी तोच. कोर्टाच्या आवारात मी शिरले की पक्षकार वळून बघायचे.

"दमट हवा," हे म्हणाले.

"अहो, जानेवारी आहे."

"मग धूळ असेल. हायवेचं काम चाललंय ना."

मी म्हटलं, एकदा गॅरेजला दाखवू. तर पुढच्या आठवड्याला, मग पेपर तपासून झाल्यावर, मग परीक्षेनंतर. आमच्या कोर्टातसुद्धा इतक्या सहज तारखा मिळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसले. रोज तीच गाडी माझ्या पायाखाली होती, गॅरेज माझ्या रस्त्यावर होतं. तरी मी एकटी गेले नाही. परवानगी घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, मीच मागत होते.

एप्रिलमध्ये सासूबाईंना प्रतापगडला देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. आंबेनळी घाट चढताना ब्रेकचं काम फारसं नसतं, म्हणून सगळं छान चाललं. दर्शन झालं, पिठलं-भाकरी झाली. उतरताना दुसऱ्याच वळणावर आवाज आला. आता शिट्टी नाही, लोखंड लोखंडावर घासल्यासारखी घरघर. पायाखाली पेडल थरथरायला लागलं आणि गाडी नेहमीपेक्षा उशिरा थांबू लागली.

मागून सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही गाडी रडते हाय का?"

"आई, धूळ आहे," नवरा म्हणाला. पण त्याचा हात दरवाजावरच्या कडीला गेला होता.

डाव्या बाजूला दरी, समोरून भाजीचा टेम्पो. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, उताराला पहिल्यात आणली, आणि इंजिनाच्या जोरावर मुंगीच्या चालीनं उतरू लागले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. वाजवू दे म्हटलं. एका सपाट जागी थांबून दहा मिनिटं चाक थंड होऊ दिलं. त्या वेळात आमच्या विज्ञान शिक्षकांनी एकही स्पष्टीकरण दिलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे प्रथमच.

दुसऱ्या दिवशी दोघं महाडच्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीनं माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "साहेब, आवाज कधीपास्नं हाय?"

"झाले असतील दोन-चार दिवस."

"पाच महिने," मी म्हटलं. "आधी शिट्टी होती, कालपासून घरघर. उजव्या बाजूनं जास्त."

मिस्त्रीनं उजवं पुढचं चाक काढलं, आतून एक पत्रा बाहेर ओढला आणि या वेळी तो माझ्याकडे धरला. "मॅडम, हे बघा. ब्रेकचं पॅड ऱ्हायलंच नाय. मागचा पत्राच डिस्क घासत हाय." डिस्कवर बोट फिरवलं तर खाचा लागल्या. "ती शिट्टी होती ना, ती पॅडमधल्या पत्तीची. पॅड संपत आलं की मुद्दाम वाजते. तवाच आला असतात तर नुसत्या पॅडवर भागलं असतं. आता डिस्कबी गेली."

"म्हणजे उजव्या बाजूचं बदला," नवरा म्हणाला.

"दोन्ही बाजूचं जोडीनंच बदलतात, साहेब. नायतर ब्रेक दाबला की गाडी एकीकडं वढते."

मग त्यानं मला चाकाच्या फटीतून मोबाइलच्या उजेडात पॅड कसं बघायचं ते दाखवलं. पत्र्यावरचा थर तीन मिलिमीटरपर्यंत आला की वाट बघायची नाही. "आणि आता पयले काही दिवस जोरात ब्रेक नका मारू. नवं पॅड बसू द्या."

परत येताना ब्रेक अगदी मऊ लागत होता. पोलादपूरच्या अलीकडं म्हशींचा कळप आडवा आला, मी थांबले. कसलाही आवाज नाही.

"बघितलंस?" नवरा म्हणाला. "मी म्हणतच होतो, पॅड एकदा बघून घेऊ."

मी म्हशी जाऊ दिल्या. घरी आल्यावर ते किल्ली खुंटीला अडकवायला हात पुढं करून उभे होते. मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि चहा ठेवायला आत गेले.