न बदललेली टाकी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच.

आमचं गाव उमापूर, जिल्हा बीड. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, पंक्चरचं दुकान, आणि उन्हाळाभर टँकरचं पाणी. टँकर आला की आई आधी टिपाडाच्या तोंडाला जुनं लुगडं बांधायची. ढकलाढकली, शिव्यागाळी काही का चालू असेना — बिनगाळलेला थेंब आत जाऊ द्यायची नाही. त्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि थेट जहाजावर अधिकारी. अभिमान आहे. का नसावा?

रिकामं जहाज कलंडू नये म्हणून त्याच्या पोटातल्या टाक्यांत पाणी भरतात. फोनवर सांगितलं तर आई हसत सुटली — "कावून रे? पानी घिऊन पान्यातच फिरता व्हय तुमी?" पण त्या पाण्याबरोबर एका किनाऱ्याचे किडे, शिंपले दुसऱ्या किनाऱ्याला लागतात आणि तिथली मासळी बुडवतात. म्हणून तेव्हाचा नियम — भर समुद्रात जुनं पाणी सोडायचं, खारं भरायचं, मगच बंदर गाठायचं. किती साधा, किती शहाणा नियम!

त्या फेरीला आम्ही नदीतल्या बंदरातून गोडं पाणी भरून निघालो होतो. टाक्यांतलं पाणी बदलायचं काम माझ्याकडे. एक राहिली — आणि मी चीफ ऑफिसरना सांगितलं, सगळ्या झाल्या. कप्तानाच्या खालोखालचे, केरळचे होते ते. मला हाताला धरून काम शिकवलेलं.

बंदराबाहेर तपासणीस आले. त्या टाकीचं पाणी खारट निघालं नाही. चीफसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं — एकदाच. मग म्हणाले, "चूक माझी. खात्री मी करायला हवी होती."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो हो? नाही उघडलं.

जहाज परत खोल समुद्रात न्यावं लागलं. ती टाकी त्यांनी स्वतः उभं राहून बदलून घेतली. त्या वर्षी ते कप्तान होणार होते — झाले नाहीत. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

का केलं मी? टँकरच्या गावचा पोरगा, गोडं पाणी समुद्रात ओतवेना — असं म्हटलं तर तुम्ही हळहळाल. पण ते खोटं आहे. मळमळत होतं, कंटाळा आला होता, आणि वाटलं — कोण बघतंय?

ते पुढे कप्तान झाले, उशिरा. आज मी चीफ ऑफिसर आहे. आणि त्या टाकीतलं पाणी त्या बंदरात पडलं नाही. ती टाकी त्यांनी बदलली, मी नाही.