पूर्णेच्या नावेवरची पांढरी रेघ

बुलढाण्याला एका सरकारी कचेरीत मी भाषांतर कारकून होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम इंग्रजीत यायचे आणि ज्यांच्यासाठी ते असत त्यांच्या गावात इंग्रजी वाचणारा कुणी नसायचा. मधला माणूस मी. कोंडवाड्यापासून जन्ममृत्यूच्या नोंदींपर्यंत कशाचेही नियम आले की ते माझ्या टेबलावरून मराठी होऊन बाहेर पडत. धाडसारख्या लहान गावातून मॅट्रिक होऊन आलेल्या पोराला या कामाचा जेवढा ताठा यावा, त्याहून जरा जास्तच मला आला होता.

त्या वर्षी मासेमारी आणि उतारनावांचे, म्हणजे माणसं नदीपार नेणाऱ्या नावांचे, नवे नियम आले. नावेत मी जन्मात बसलो नव्हतो. आमच्याकडची नदी उन्हाळ्यात चप्पल हातात न घेताही ओलांडता येते. तरी आठवड्यात भाषांतर उरकलं. मूळ इंग्रजी वाक्यं लांबलचक, एकेका वाक्यात दोन-तीन नकार. मी ती सोडवली, मसुदा केला, मग कोऱ्या कागदावर सुवाच्य नक्कल केली. आमच्या वरिष्ठांनी, म्हणजे हेडक्लार्कसाहेबांनी, खाली ‘तपासले, बरोबर’ असं लिहून सही केली आणि कागद छापखान्यात गेला. छापील पत्रकं घाटाघाटावर चिकटवली गेली. माझ्या दृष्टीने काम संपलं.

उन्हाळा सरता सरता एक म्हातारा कचेरीत आला. भोई होता, पूर्णेच्या एका घाटावर नाव चालवायचा. मलकापूरहून डोंगराचा घाट चढून पायी आला होता, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. हातात आमचंच पत्रक, चार घड्या घातलेलं. माझ्या टेबलासमोर उभा राहून त्याने ते उलगडलं.

“साहेब, हे उलटं लिवलं हाये.”

“काय उलटं?”

“नावेले पांढरी रेघ माराले सांगतली, ते म्या मारली. पण रेघ पाण्याखाली जाईन इतकी माणसं भरा म्हंते ह्या कागदात. रेघ बुडाली त नाव बुडते, साहेब.”

“तुला वाचता येतं?”

“मले नाही येत. शायेतल्या मास्तरनं तीनदा वाचून दाखवलं.”

मी पत्रक हातात घेतलंसुद्धा नाही. सरकारचे नियम शिकलेली माणसं करतात, ते नागपुराहून आले आहेत, त्यात चूक काढणारा तू कोण, असं काहीसं मी बोललो. आजूबाजूचे दोन कारकून हसले. “मंग आमी काय करावं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“लिहिलंय तसं करायचं.”

त्याने कागद पुन्हा चार घड्या करून मुंडाशात खोचला आणि गेला. मी डबा उघडून भाकरी खाल्ली. हे सगळं मला नंतर इतक्या बारकाईने आठवलं की त्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी होती हेही आठवलं.

पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी मला काही नकाशे पोचवायला पूर्णेपलीकडच्या तालुक्याच्या गावी पाठवलं. मलकापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलांच्या दमणीने नदीच्या घाटावर आलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. पलीकडे बाजार होता म्हणून काठावर गर्दी होती. नदी पूर्ण भरलेली नव्हती, पण गढूळ होती आणि मधल्या धारेला ओढ होती.

नाव चालवायला एक जवान गडी होता. काठावर पोलिसांचा जमादार उभा राहून माणसं मोजत होता. मी चढलो तेव्हाच नाव भरलेली वाटली. माझ्या शेजारी एक मुसलमान मणियार बसला होता, मांडीवर बांगड्यांची पेटी धरून. दोन शेळ्या, मिरच्यांची पोती, बायाबापड्या. जमादार म्हणाला, “अजून सहा घे.”

नावाडी कुरकुरला. “जमादारसाहेब, जड झाली.”

“काऊन बे? रेघ दिसून राह्यली ना अजून? नियम काय म्हंते? पयल्या म्हाताऱ्यानं आयकलं नाही, त घरी बसला.”

मणियाराने मला समजावलं, “नवा कायदा हाय साहेब. ती पांढरी रेघ पाण्यात गेल्याबिगर नाव सोडू देत नाही. घाटाचा मक्तेदारबी खूश, जादा माणसं म्हंजे जादा पैसे. पयले म्हातारा होता नावेवर, लई नेक आदमी. तो कमी माणसं घ्यायचा, म्हणून त्याचा परवाना काढून घेतला.”

तेवढ्यात जमादाराने मोठ्या आवाजात, शाळेतला धडा म्हणावा तसं, ते वाक्य म्हणून दाखवलं: “नावेच्या अंगावरील पांढरी रेघ पाण्याखाली जाईल इतकाच भार भरावा.”

वाक्य माझं होतं. ‘नावेच्या अंगावरील’ हे शब्द मीच जुळवले होते, दोनदा खोडून, आणि त्यांवर खूश झालो होतो. पण त्या वाक्यात ‘न’ होता. ‘पाण्याखाली न जाईल’. असायलाच हवा होता. मी उठून ओरडायला पाहिजे होतं की थांबा, माणसं उतरवा. मी उठलो नाही. मनात एकच चाललं होतं, की तो ‘न’ होता की नव्हता. सहा माणसं चढली. वाकून पाहिलं तर रेघ दिसेनाशी झालेली. नाव सुटली.

पाण्याने फार वेळ घेतला नाही. मधल्या धारेत नाव तिरपी झाली, एक शेळी घाबरून पलीकडे उडाली, तिच्यामागे माणसं एका अंगाला सरकली आणि पाणी काठावरून आत आलं. ते आवाज न करता आलं. आधी पाय ओले झाले, मग मांड्या, आणि मग बसायला काही उरलंच नाही. मला पोहता येत नव्हतं. नकाशांची नळी पत्र्याची होती, तिला मी मिठी मारली. नाकातोंडात चिखलाचं पाणी गेलं. कुणाचा तरी हात माझ्या तोंडावर आपटला. बायांचे आवाज येत होते आणि मध्येच बंद पडत होते.

मग कुणीतरी माझी कॉलर धरली आणि छातीखाली काहीतरी गोल, हलकं सारलं. वाळलेले भोपळे बांधलेली सांगड होती ती. भोयांच्या वस्तीतून सात-आठ जण सांगडी घेऊन पाण्यात उतरले होते. पुढे असलेला माणूस खेकसत होता, “धरून राहा, हात मारू नका, हात मारू नका!”

सगळे निघाले. एकही माणूस गेला नाही, हे मी आजही स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. मणियाराला काठावर पालथा घालून पाठ दाबली तेव्हा बऱ्याच वेळाने त्याने पाणी ओकलं. शुद्धीवर येऊन त्याने आधी पेटी विचारली. पेटी गेली होती.

मला ओढून आणणारा माणूस धापा टाकत माझ्यासमोर उकिडवा बसला. तोच म्हातारा. मी त्याला ओळखलं आणि त्याने मला. मला वाटलं हा आता थुंकणार. त्याने फक्त विचारलं, “तुमी तेच ना साहेब, बुलढाण्याचे?”

“हो.”

“मंग बरोबर.” एवढंच. कशाला बरोबर म्हणाला ते मला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

त्याच्या बायकोने मला झोपडीत नेऊन शेकोटीजवळ बसवलं, कोरडं धोतर दिलं. ती बोलायची थांबत नव्हती. “परवाना नेला, आता जाळंबी नेलं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाले मासे धरू नका म्हंतेत. अहो, खाली मासे अंड्यावर येतेत, खाली धरू नये, हे आमच्या पोट्टेसोट्टेले कळते. वरतं धरलं त काय पाप केलं?”

बंधाऱ्याचं कलमही त्याच पत्रकात होतं.

नकाशे न पोचवताच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुलढाण्याला पोचलो आणि घरी न जाता कचेरीत गेलो. कपाटातून मूळ इंग्रजी, माझा मसुदा, माझी नक्कल आणि छापील पत्रक काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडलं. मूळ बरोबर होतं. मसुद्यात ‘न’ होता. नकलेत ओळीच्या शेवटी जागा संपली होती, ‘न’ पुढच्या ओळीवर जायचा होता आणि तो गेलाच नव्हता. छापखान्याने इमानाने माझीच नक्कल छापली होती. बंधाऱ्याचं कलम मात्र मसुद्यातच चुकलेलं होतं. तिथे ‘बंधाऱ्याच्या खाली’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द मी उलटा, ‘वर’ असा, घेतला होता. छापखान्याची चूक निघावी अशी आशा मी घाट चढताना सबंध वाटेने करत आलो होतो.

सकाळी हेडक्लार्कसाहेबांपुढे चारही कागद ठेवले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग दार लोटून घेतलं.

“माणसं वाचली ना? मग घाबरू नका. सुधारणा काढू. आजच्या तारखेपासून कलम बदललं, असं लिहू. वरून मंजुरी मिळून जाईल. चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही.”

मी ‘बरं’ म्हणून उठलोही. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं.

“साहेब, सुधारणा काढली तर जुना नियम आजपर्यंत खरा ठरतो.”

“मग?”

“मग त्या घाटावरच्या म्हाताऱ्या भोयाने नियम मोडला असंच राहतं. त्याचा काढून घेतलेला परवाना परत मिळणार नाही. जाळंही नाही. शुद्धिपत्रक काढलं तर नियम पहिल्यापासून तोच होता, आपणच चुकीचा लिहिला, असं होईल.”

“आणि शुद्धिपत्रकाला कारण दाखवावं लागेल.”

“हो.”

“तुमची नक्कल जोडावी लागेल.”

“हो साहेब.”

“त्या नकलेखाली माझी सही आहे, हे पाहिलंत का तुम्ही?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. दोन वर्षांनी त्यांची नोकरी संपायची होती. मी त्यांना काय मागत होतो ते मला तेव्हा कुठे कळलं.

त्यांनी नक्कल जवळ ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “मी वाचलं नव्हतं. तुमचं अक्षर चांगलं असतं म्हणून मी कधीच वाचत नाही.” हे ऐकून मला जो धक्का बसला तो नदीतल्यापेक्षा कमी नव्हता. इतकी वर्षं जे जे मी लिहिलं ते कुणीही वाचलेलं नव्हतं! सगळा जिल्हा माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर चालला होता.

त्यांनी टाक उचलला आणि मी तिथेच लिहून दिलेल्या कबुलीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं की नक्कल न वाचता सही केली. आम्हा दोघांना ठपका आला. माझ्या नोकरीच्या पुस्तकात तो लाल शाईने चढला आणि मला भाषांतरावरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण पुढे दिवाळीला घरी बोलावणंही बंद केलं.

खोलीत बसवण्याआधी एक काम माझ्याकडे आलं: शुद्धिपत्रक घाटाघाटावर जाऊन चिकटवायचं. पूर्णेच्या त्या घाटावर मी बाजाराच्याच दिवशी गेलो. जमादार होता, मक्तेदाराचा माणूस होता, परवाना आणि जाळं परत मिळालेला म्हातारा नावेच्या टोकाला उभा होता. मी कागद चिकटवून निघणार, तर त्याने अडवलं.

“असं नाही, बाबूसाहेब. मोठ्यानं वाचा. ह्या समद्यायले आयकू गेलं पाहिजे.”

मी वाचलं. ‘लेखनदोषामुळे’ हा शब्द मी भरभर उरकला. म्हातारा म्हणाला, “म्हंजे काय?”

“म्हणजे मी चुकीचं लिहिलं होतं, बाबा.”

गर्दीत कुणी हसलं नाही. मिरच्यांच्या पोत्यावर बसलेल्या एका बाईने दुसरीला विचारलं, “हाच का तो?” आणि दुसरी “हाव” म्हणाली. जमादार दुसरीकडे पाहू लागला.

“आता सांगा, किती माणसं घेऊ?” म्हाताऱ्याने मलाच विचारलं.

“मला काय कळतं त्यातलं? तुम्हीच ठरवा.”

त्याने एका दांडग्या माणसाला खाली उतरवलं, एक शेळी उतरवली, रेघेकडे नजर टाकली आणि बांबू रेटला.